माणशी आठ मिलिमीटर

शरच्चंद्रकाका स्टुलावर उभे राहून सोसायटीच्या फाटकावरच्या कमानीच्या पोटाला स्टीलची टेप लावत होते. खाली रत्नाकर दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा होता आणि त्याच्या पाठीमागे, अर्धी रस्त्यावर आणि अर्धी फुटपाथवर, त्याची नवी गाडी इंजिन बंद करून ताटकळत होती. बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या त्या अरुंद क्रॉसवर, म्हणजे आडरस्त्यावर, आत्तापर्यंत चार रिक्षा, एक दूधवाला आणि एक शाळेची व्हॅन तिला वळसा घालून गेली होती, आणि प्रत्येकानं जाताना काहीतरी ऐकवलं होतं.

"दोन हजार चारशे अडुसष्ट," काकांनी वाचून दाखवलं. "तुझी किती?"

"कागदावर दोन हजार पाचशे चाळीस."

"म्हणजे बहात्तर मिलिमीटर जास्त."

"काका, पुरते तीन इंचही नाहीत हो."

काका स्टुलावरून खाली उतरले, टेप गुंडाळून खिशात घातली आणि रत्नाकरकडे बघत राहिले. "अरे, चौतीस वर्षं मी विमानाचे सुटे भाग तपासले. केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी पेटीच्या पेटी परत पाठवली. आणि तू मला तीन इंचही नाहीत म्हणून सांगतोस?"

शरच्चंद्रकाका सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि गेली अकरा वर्षं 'तंत्रज्ञ विहार' या तेवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. कमान सोसायटीच्या संस्थापकांच्या, म्हणजे भगवंतरावांच्या नावाची. चाळीस वर्षांपूर्वी ती बांधली तेव्हा तिच्याखालून स्कूटर आणि फार तर एखादी अँबेसेडर जायची. तिच्यापेक्षा उंच वाहन घेण्याची बुद्धी सोसायटीतल्या कुणाला होईल, असं भगवंतरावांच्या स्वप्नातही आलं नसावं.

रत्नाकरला ती झाली पर्थमध्ये. तिथल्या खाणींच्या सॉफ्टवेअरचं काम करायला तो तीन वर्षं गेला होता. दर आठवड्याला चारशे किलोमीटर लाल मातीतून तो एकटा जायचा. वाटेत एखादं कांगारू दिसलं तर गर्दी झाल्यासारखं वाटायचं. त्यासाठी त्यानं ही गाडी घेतली होती. खाणकामगारांची ने-आण करणारा दणकट ट्रक. पुढे चालक आणि दोघं, मागे समोरासमोर बाकं आणि त्यावर आठ जण. मागच्या छपराला मोठा उंचवटा होता, कारण कामगारांना हेल्मेट घालून ताठ बसता यायला हवं. परत यायची वेळ आली तेव्हा लोक टीव्ही विकतात, गाद्या वाटून टाकतात. रत्नाकरनं ठरवलं की गाडी बंगळुरला न्यायची आणि रोज हिच्यातूनच इंदिरानगरला ऑफिसला जायचं. एकट्यानं. खिडकीची काच खाली करून.

आणि त्यानं ती आणली ती संपूर्ण कायदेशीरपणे. या बाबतीत रत्नाकरचा हात धरणारा माणूस सापडणं कठीण होतं. बंदरात, जकातीत, आरटीओत तो सहा महिने हेलपाटे घालत राहिला, पण कुठल्याही रांगेत मध्ये घुसला नाही आणि कुणाला साधा चहा पाजला नाही. धुराचा, ब्रेकचा, हॉर्नच्या आवाजाचा, आरशाच्या काचेचासुद्धा दाखला त्याच्याकडे होता. ती सगळी फाइल शुभदानं एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली तर चार किलो भरली. या चार किलोंमध्ये गाडीच्या उंचीचे सात वेगवेगळे दाखले होते. फक्त ज्या कमानीखालून तो पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेला होता, तिला टेप लावायची त्याला कधी आठवण झाली नव्हती.

"छपराचा उंचवटा काढून टाका की," शुभदा म्हणाली.

"काढला तर गाडीत फेरबदल होतो. फेरबदल बेकायदेशीर आहे."

"मग विकून टाका."

"दोन वर्षं विकता येत नाही. तशी अट आहे."

"रस्त्यावर ठेवा."

"आपल्या क्रॉसवर पार्किंग नाही. बोर्ड आहे."

"त्या बोर्डाखाली रोज सतरा गाड्या असतात," शुभदा म्हणाली. पण हे तिनं भाजी ढवळता ढवळता, फारशी आशा न ठेवता म्हटलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला नवरा चांगला ठाऊक झाला होता.

शेवटी देवनहळ्ळीला एका मित्राचा मोकळा प्लॉट होता, तिथे गाडी ठेवायचं ठरलं. मग रत्नाकरचा दिनक्रम असा झाला. पहाटे उठून तो बस पकडायचा, बसनं देवनहळ्ळीला जायचा, तिथून गाडी काढायचा आणि ऑफिसला जाताना पुन्हा शहरात शिरायचा. संध्याकाळी हेच उलट. आपल्या गाडीतून वीस मैलांवर जायचं आणि तिथून बसनं घरी यायचं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रणीतला हे समजलं. प्रणीत नागपूरहून आलेला, आयटीत काम करणारा, आणि प्रत्येक प्रश्नाला सोपं उत्तर असतं असं मानणारा माणूस होता.

"सर, टायरमधली थोडी हवा काढून टाका ना. सिंपल आहे."

रत्नाकरनं तेही करून पाहिलं. हवा काढायला दहा मिनिटं, आत आल्यावर भरायला वीस, आणि हे सगळं करून गाडी बसली किती, तर सव्वा इंच. मात्र त्या खटाटोपात टायरजवळ उकिडवं बसल्यावर त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. गाडीच्या स्प्रिंगा दहा माणसांचं ओझं धरून बनवलेल्या होत्या. गाडी रिकामी होती म्हणून मागून अशी ताठ उभी होती. ओझं घातलं की ती आपोआप खाली बसणार होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं मागे वाळूची पोती भरली. गाडी कमानीखालून अशी अलगद आत गेली की शरच्चंद्रकाकांनाही बघून बरं वाटलं. त्या दिवशी रत्नाकर आपल्या घराच्या खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे किती वेळ बघत राहिला होता. हा आनंद दीड दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्कलला हवालदारानं शिट्टी मारली, मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "एनु सार, मरळा?"

मरळु म्हणजे वाळू, आणि वाळू न्यायची तर परवाना लागतो. रत्नाकरनं फाइल काढली. हवालदारानं पहिली चाळीस पानं सौजन्यानं उलटली. हॉर्नच्या आवाजाचा दाखला त्याला विशेष आवडला. पण वाळूचा परवाना काही त्यात निघाला नाही.

"मी वाळूचा धंदा करत नाही. गाडी खाली बसावी म्हणून नेतोय," रत्नाकर कळवळून म्हणाला.

हवालदारानं हे उत्तर नोकरीत प्रथमच ऐकलं असावं. त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, छपराकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, आणि हिंदी-कन्नडची खिचडी करत सल्ला दिला. "सार, ओझंच पाहिजे ना? मग माणसं बसवा. माणसांना परवाना लागत नाही. तुमच्या पुस्तकातच लिहिलंय, दहा जण." 

वाळू दुकानात परत गेली आणि रत्नाकर सोसायटीत दारोदार फिरला. कुणाला काही मागायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे प्रत्येक दारात तो आधी फाइल दाखवायचा आणि मग मुद्द्यावर यायचा. मुद्दा एवढाच होता, की रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, फक्त कमानीपुरतं, दहा जणांनी गाडीत बसावं. पंधरा फूट जायचं आणि उतरायचं.

पहिल्या संध्याकाळी कुतूहलानं दहाच्या जागी चौदा जण आले. शरच्चंद्रकाका टेप घेऊन आले. एकेकाला बसवून त्यांनी गाडी किती खाली गेली ते मोजलं, भागाकार केला आणि जाहीर केलं, "माणशी सरासरी आठ मिलिमीटर. नऊ जणांत बहात्तर होतात, पण मग छप्पर घासणार. दहावा माणूस हवाच. सुरक्षेसाठी."

तेव्हापासून तंत्रज्ञ विहारमध्ये माणसं मिलिमीटरनं ओळखली जाऊ लागली. प्रणीत सात होता. शुभदा बरोब्बर आठ. तळमजल्यावरच्या धनलक्ष्मीअक्का अकरा. चाळीस वर्षं मराठी शेजारात राहून अक्कांचं मराठी कन्नडच्या फोडणीसकट तयार झालेलं होतं. हा आकडा ऐकून त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्यांना तर अभिमान वाटला. "मी नाही आले तर प्रणीत काय करणार आहे? त्याच्यासारखे दीड लागतात," त्या सगळ्यांना सांगायच्या. कुणाला ताप आला की काका जिन्यातून ओरडायचे, "दुसऱ्या मजल्यावरचे नऊ मिलिमीटर कमी आहेत, कुणाकडे पाहुणे आलेत का?" ज्यांच्याकडे जाडजूड पाहुणे यायचे त्यांना सोसायटीत वेगळाच मान मिळू लागला.

आठवडाभर हे असं पंधरा फुटांचं चाललं. मग एका सकाळी कमान ओलांडून गाडी थांबली तरी अक्का उतरेनात.

"अक्का, आलं. उतरा आता."

"रत्नाकरा, बसलेच आहे तर एट्थ क्रॉसच्या बाजारापर्यंत सोड की. फुलं आणायची आहेत. स्वल्पच पुढे."

एवढ्या मोठ्या बाईला दुखवायचं कसं, म्हणून त्यानं सोडलं. मग प्रणीत म्हणाला, की सर, मेट्रो स्टेशन तर वाटेतच आहे. मग काका म्हणाले, त्यांना देवळात जायचंय. महिन्याभरात असं झालं, की सव्वानऊला घराबाहेर पडणारा रत्नाकर साडेसातला गाडीत बसू लागला. बाजार, देऊळ, दवाखाना, बँक, मेट्रो, असे थांबे ठरले. अक्का दाराशी बसायच्या आणि सगळे चढले की पत्र्यावर दोनदा थाप मारून "रैट, रैट" म्हणायच्या. कुणी भाडं देऊ केलं की रत्नाकरच्या अंगावर काटा यायचा, कारण खाजगी गाडीनं भाडं घेणं बेकायदेशीर. म्हणून लोक इडल्या देऊ लागले. इडली हे भाडं धरतात का, हे त्यानं एका वकिलाला विचारून घेतलं.

शेवटी मेट्रोला सगळे उतरले की पुढे शुभदा तेवढी उरायची. तिचं ऑफिस एम. जी. रोडला होतं. ती उतरली की तिथून इंदिरानगरपर्यंत अखेर रत्नाकर एकटा असायचा. काच खाली करायचा. पण त्या पट्ट्यात बंगळुरची वाहतूक इतकी तुंबलेली असायची, की शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून त्याला वेळ विचारायचे. पर्थच्या त्या लाल रस्त्याची त्याला अगदी मनापासून आठवण यायची. बहात्तर मिलिमीटर. फक्त तेवढी कमान उंच असती तर तो सकाळी हवं तेव्हा निघून, शहराबाहेरच्या मोकळ्या रिंग रोडनं, एकटा गेला असता. त्यानं कमान उंच करण्याचा अर्ज सोसायटीकडे दिला. काकांनी तो इडली खात खात वाचला आणि भगवंतरावांच्या कमानीला हात लागणार नाही, असं लेखी कळवलं.

कमानीला हात लागला तो नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. दहा जण फाटकापाशी येऊन गाडीत बसले. काकांनी डोकी मोजली. अक्कांनी थाप मारली. गाडी गोगलगाईच्या चालीनं आत शिरली आणि मागचा उंचवटा नेमका कमानीखाली आला असताना वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "नीर बंतु."

दोन दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. बंगळुरात हे दोन शब्द ऐकल्यावर माणूस विचार करत नाही. मागचं दार उघडलं आणि सहा जण कपडे सावरत पिंप भरायला धावले. सर्वांत पुढे अक्का होत्या.

"अरे, बसा, खाली बसा," काका आतून ओरडले. "सहा आठे अठ्ठेचाळीस..."

स्प्रिंगांनी मोकळा श्वास घेतला. गाडी मागून उचलली गेली आणि छपरानं कमानीला खालून खांदा दिला. आधी एक कण्हल्यासारखा आवाज झाला. मग वरून भगवंतरावांच्या नावातली पहिली दोन सिमेंटची अक्षरं निखळली आणि बॉनेटवर येऊन पडली. गाडी पुढे जाईना, मागे येईना. फाटकाबाहेर स्कूटरींची रांग लागली, हॉर्न वाजू लागले.

"अक्का, परत या," रत्नाकरनं खिडकीतून विनवलं.

"आले, आले. स्वल्प थांब. दोन पिंपं राहिलीत," आतून उत्तर आलं.

पंचवीस मिनिटं तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मग ओल्या साड्या आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटी परत येऊन बाकांवर बसल्या, गाडी खाली आली आणि निसटली. पण कमानीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं बघून सांगितलं, की पाडून नवी बांधायला हवी.

रत्नाकरनं सगळा खर्च अंगावर घेतला. वाईट वाटल्याचं त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण कमान पाडल्यावर फाटकावर नुसतं आभाळ दिसू लागलं, तेव्हा त्याला जे वाटलं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. पहिल्याच सकाळी तो सव्वानऊला खाली आला, गाडीत एकटा बसला आणि एकटा बाहेर पडला. रिंग रोडला लागल्यावर त्यानं काच खाली केली. शिट्टीसुद्धा वाजवली. आपल्याला लोकांची आठवण येईल की काय, अशी त्याला थोडी धास्ती होती, पण कुणाचीही आठवण आली नाही. नऊ दिवस तो असा गेला आणि नऊही दिवस त्याला आपलं वजन अर्धं झाल्यासारखं वाटत होतं. अक्का बाजाराला रिक्षानं जात होत्या. प्रणीत चालत जात होता. शुभदा मेट्रोत उभी राहून जात होती.

नवी कमान किती उंच बांधायची हे ठरवायला रविवारी गच्चीवर सभा झाली. रत्नाकर पूर्ण तयारीनिशी आला होता. त्यानं आगीच्या बंबाचा मुद्दा मांडला, सामानाच्या ट्रकचा मांडला, आणि एक फूट उंच कमानीचं सुबक चित्र सगळ्यांना दाखवलं. "खर्च माझा. सोसायटीला काही तोशीस नाही. आणि तुम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ जो त्रास होतो तो कायमचा संपेल."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"त्रास कुणी म्हटलं?" अक्कांनी विचारलं.

"सर, चित्र मस्त आहे," प्रणीत चुळबुळत म्हणाला. "पण जुन्याची एक वेगळी बात असते ना. हेरिटेज."

"भाड्यानं राहतोस दीड वर्ष, मत तुझ्या घरमालकाचं, आणि हेरिटेज काय?" रत्नाकर म्हणाला.

शरच्चंद्रकाकांनी घसा साफ केला आणि ठराव वाचला. कमान पूर्वीच्याच उंचीची, दोन हजार चारशे अडुसष्ट मिलिमीटर, बांधावी. फरक चालेल तो खालच्या बाजूला पाच मिलिमीटर. वरच्या बाजूला शून्य. "घरटी एक मत. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. रत्नाकरला ते मोजायची गरज पडली नाही. तरी कायद्यानं जे करायचं ते केलंच पाहिजे म्हणून तो उभा राहिला. "माझा विरोध नोंदवा. बावीस विरुद्ध एक."

काकांनी सभासदांचं रजिस्टर उघडलं, चष्मा वर सारला आणि बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसले. "रत्नाकर, तू पर्थला असताना तुझ्या वडिलांनी घर सुनेच्या नावावर केलं. सभासद शुभदा आहे. नियमाप्रमाणे तुला मत नाही."

रत्नाकरनं वळून पाहिलं. मागच्या रांगेत शुभदा बसली होती आणि तिचा हात सरळ वर होता.

"तेवीस," काकांनी लिहिलं. "ठराव एकमतानं मंजूर."

घरात आल्यावर रत्नाकरनं कमानीचं चित्र गुंडाळून कपाटावर टाकलं आणि मग मात्र त्याला राहवेना.

"बाकीच्यांचं समजू शकतो मी. त्यांना फुकट गाडी हवी. पण तू? तुला काय मिळणार होतं त्यातून?"

शुभदा पंख्याखाली बसली होती.

"मेट्रोपासून एम. जी. रोडपर्यंत अर्धा तास," ती म्हणाली. "सगळे उतरून गेल्यावर. तेवढ्यात तुम्ही मला पर्थचं सांगितलंत, तुमच्या वडिलांचं सांगितलंत, ऑफिसातल्या भांडणाचं सांगितलंत. बावीस वर्षांत एवढं कधी सांगितलं नव्हतंत. आणि कमान पडल्यावर नऊ दिवस त्याच रस्त्याला जायचं होतं मला. एक दिवस तरी म्हणालात का, चल, सोडतो?"

रत्नाकरनं आठवून पाहिलं. म्हणाला नव्हता.

"अगं, मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं ना," शुभदा म्हणाली. "हात वर करून."